दोन दारांच्या मामी

मामींना रिकाम्या हाताचा माणूस खपत नसे. घरातून रानात निघालेल्यानं रिकामं जायचं नाही आणि रानातून येणाऱ्यानं रिकामं यायचं नाही, हा त्यांचा कायदा. निजामाचा कायदा परंड्याच्या कचेरीत चाले, मामींचा आमच्या मागल्या दारात. जाताना डोक्यावर शेणखताची पाटी, येताना वैरणीची पेंढी, नाहीतर निदान मूठभर मिरच्या. एकदा खुद्द मामंजी हात हलवत आले, तर मामींनी त्यांना उंबऱ्यातूनच माघारी पाठवलं. बिचारे दोन वांगी तोडून घेऊन आले तेव्हा कुठं त्यांना जेवण मिळालं.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. सगळी पेठ त्यांना मामी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले; अव्वा म्हणणारे एकटे आमचे हे. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग आणि आवाज असा की ओसरीवर बोलल्या तर समोरचा कापडवाला मान वर करून बघे. आमचं घर पेठेच्या अगदी शेवटच्या ओळीत होतं. पुढलं दार बाजारात उघडे आणि मागलं थेट आमच्या रानात. मी एका आडगावची. बांगड्या आणि चहाची पूड हाताशी मिळेल म्हणून पेठेतल्या स्थळाला मान डोलावली होती, खोटं कशाला सांगू? पण पहिल्याच सकाळी मागलं दार उघडलं तर समोर दवानं भिजलेली ज्वारी उभी. माझा जीव तिथंच रमला. मामी मागून म्हणाल्या, "पोरी, मीठ पुढल्या दारानं घ्यावं अन् मिरची मागल्या दारानं. ह्याच्यापरीस जास्ती सुख राजालाबी न्हाय."

बाजारादिवशी तर आमचं घर म्हणजे वाहता रस्ता. खेड्यापाड्यांच्या बाया पायवाटेनं मागल्या दाराशी येत, पाट्या उतरवून पाणी पीत आणि पुढल्या दारानं बाजारात जात. दिवस कलला की उलटी रीघ. कोण कुठली, हे मामी कधी विचारत नसत. दिवस असेतो त्या दाराला कडी लागत नसे. "कडी लावली का गाव तुटलं," असं त्या म्हणत.

मग ते वाईट वर्ष आलं. तिकडं देश स्वतंत्र झाला होता, आम्ही मात्र निजामाच्या हद्दीतच. खाकीतल्या रझाकारांच्या हत्यारी टोळ्या पेठेतून हिंडू लागल्या. तरणी माणसं हद्द ओलांडून बार्शीकडच्या लढ्याच्या छावण्यांत जाऊ लागली, त्यांत आमचे हेही गेले. कधीमधी बाजाराच्या गर्दीत मिसळून घरी येत, भाकरी खात आणि गर्दी पांगायच्या आत जात. ते असेपर्यंत मी दोन्ही दारांमध्ये येरझाऱ्या घाली.

अशाच एका बाजाराला हे घरात असताना टोळीतले दोघं पुढल्या ओसरीवर येऊन उभे राहिले. "लडका कहाँ है?" मामी उंबऱ्यात आडव्या बसून मूग निवडत होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. "बाजारादिवशी कोण घरात बसतंय?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. तो आवाज मागं आमच्यासाठी होता. ह्यांनी गोठ्यातला कडब्याचा भारा डोक्यावर घेतला. तोंड झाकतं म्हणून मलाही ते पटलं. तेवढ्यात पाहुण्यांना पाणी आणायच्या निमित्तानं मामी आत आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

"येड्या," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "कडबा रानातनं घरात येतो. घरातनं रानात कडबा नेणारा कुणी बघितलाय का? बांधावर त्यांचा माणूस बसलाय, तोबी शेतकऱ्याचंच पोर असंल."

त्यांनी भारा उतरवला. उकिरड्यावरचं ओलं शेण दोन्ही हातांनी पाटीत भरलं आणि पाटी ह्यांच्या डोक्यावर ठेवली. शेणाचं पाणी ह्यांच्या कपाळावरून ओघळलं. "जा," एवढंच म्हणून त्यांनी हात धुतले, तांब्या भरला आणि पुढं गेल्या. मी मागल्या दारात उभी राहिले. बांधावरच्या बंदूकवाल्यानं ह्यांच्याकडं पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि तोंड फिरवलं.

पुढच्या बाजाराच्या आत हुकूम आला, की आमच्या ओळीतली रानाकडची सगळी दारं बुजवायची. आमच्याच पेठेतल्या अमीनभाई गवंड्याला धरून आणलं. दिवसभर तो खाली मान घालून भिंत रचत होता, दोघं पहारा देत होते आणि मामी उखळावर बसून बघत होत्या. पहारेकरी बाजूला झाले तसा तो पुटपुटला, "मामी, चुना नै डाला. निरा मिट्टी का गारा है. दो लातां में गिरेगी."

"हात धू अन् भाकरी खा," मामी म्हणाल्या.

पण भिंत ती भिंतच. घरात अंधार झाला आणि मामी मिरच्या पुढल्या दारानं विकत घेऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्या मिरच्यांकडं बघत बसल्या, ते माझ्यानं बघवलं नाही. दुपारच्या त्या भिंतीला कान लावून बसत. पलीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज येई. मामंजी भित्रे. ते रोज म्हणत, बार्शीला भाच्याकडं जाऊ, जीव तर वाचंल. मामी एकच उत्तर देत, "पोरगं मागल्या वाटनं गेलंय. त्याच वाटनं येईल. घरात कुणी नसलं तर?"

आषाढात त्यांना ताप भरला तो उतरलाच नाही. गेल्या तो दिवस नेमका बाजाराचा. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून नेतात आणि आपल्या रानात माती देतात. रान भिंतीपलीकडं, हाकेच्या अंतरावर. पण पुढल्या दारानं न्यायचं तर सबंध पेठेला वळसा, आणि नाक्यावरच्या टोळीनं सांगून टाकलं होतं की पेठेतून प्रेत न्यायचं नाही. घर खेड्यांवरच्या बायांनी भरून गेलं. विभूती लावून मामींना मध्ये बसवलं होतं. अमीनभाई येऊन भिंतीपाशी उभा राहिला. त्यानं मामंजींकडं पाहिलं.

जन्मभर त्या दारात बोलणी खाल्लेले मामंजी उठले. त्यांनी धोतर खोचलं आणि भिंतीला लाथ घातली. दुसरी अमीनभाईनं. भिंत बाहेर कोसळली आणि घरात ऊन आलं. आवाज ऐकून एक बंदूकवाला पुढल्या दारानं आत शिरला. बायांनी त्याला वाट दिली नाही, जागाही सोडली नाही. तो थोडा वेळ मामींकडं बघत उभा राहिला आणि आला तसा गेला. आम्ही मामींना त्यांच्या दारानं नेलं आणि बांधाजवळ माती दिली. पडलेला गारा बायांनी पाट्यांत भरून घेतला. त्या दिवशीही रिकामी कुणी गेली नाही.

भादव्यात फौज आली आणि थोड्याच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. मामी गेल्याचा निरोप ह्यांना पोचलाच नव्हता. एका सकाळी मी चुलीपाशी असताना मागं पाऊल वाजलं. दाढी वाढलेले हे त्या भगदाडात उभे होते, ओंजळीत हिरव्या मिरच्या.

"अव्वा कुठाय?" हे हसत म्हणाले. "म्हणावं, रिकामा न्हाय आलो."

मी चुलीपासून उठले.

"बांधाजवळच्या झाडाच्या हायेत," ते म्हणाले. "तिथं नवी माती वढलेली दिसली. कशाची गं?"

मी ओंजळीतल्या मिरच्या पदरात घेतल्या, चुलीजवळ ठेवल्या आणि ह्यांचा हात धरून मागल्या दारानं निघाले. पाटी भिंतीला टेकवलेली होती. त्या दारातून आम्ही दोघं पहिल्यांदाच रिकामे गेलो.