पाळण्यावरचा हिरवा दिवा

“दिन्या, बाळ रडतंय की तू बोलतोयस? एकदाचं काय ते ठरवा!”

आई स्वयंपाकघरातून माझ्यावर ओरडली आणि तिच्या ओरडण्यानंही दिवा लागला. अक्का अकराव्यांदा उठून पाळण्याकडे धावली. तीन महिन्यांची चिमणी अकराव्यांदाही गाढ झोपलेली होती.

हा दिवा काय प्रकार होता ते सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, लहानपणापासून ऐकू येत नाही. दाजींनाही नाही. अक्का ओठ वाचते, पण नवराबायकोचं बोलणं हातांनी चालतं, आणि तेही इतक्या वेगात की भांडण रंगलं तर खोलीत पंखा लावावा लागत नाही! दाजी छापखान्यात कामाला, दिलसुखनगरात दोन खोल्यांचं घर. बाळंतपणाला अक्का मलकपेठेत आमच्याकडे आली होती. तीन महिने झाले, आता तिला लेकीला घेऊन घरी जायचं होतं. आईनं पाय रोवले.

“पोर रडली तर कळायचं कुणाला तिथं? भिंतीला? वर्षाची होईस्तोवर इथंच राहू दे.”

अक्कानं हातांनी सांगितलं, ‘मुलगी माझी. घर माझं.’ आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली. (दुसरं कुणी रुसलं तर निदान त्याला ऐकवता तरी येतं. अक्कानं पाठ फिरवली की बोलणंच संपलं!) दोन दिवस आईला लेकीची फक्त वेणी दिसली.

मला बघवेना. मी टीव्हीदुरुस्तीवाला माणूस. बाजार नुकता खुला झालेला, कोटी बाजाराच्या गल्ल्यांत परदेशी सुटे भाग वांग्यांसारखे ढिगानं मिळत होते. मी जुन्या टेपरेकॉर्डरचा माइक उपटला, दिवा चालू-बंद करणारा तैवानचा रिले आणला, लग्नाच्या मांडवातला हिरवा बल्ब पैदा केला आणि तीन दिवसांत असं यंत्र उभं केलं की जपान्यांनी येऊन नारळ फोडावा! माइक पाळण्याला, दिवा भिंतीवर. आवाज असेल तोवर दिवा पेटणार, आवाज थांबला की विझणार.

“रविवारी बघू,” आई म्हणाली. “चिमणी रडली आणि अक्का आपणहून उठली, तरच पाठवीन.”

रविवार उजाडला. चिमणी काही रडेना! कुकरची शिट्टी झाली, दिवा लागला, अक्का धावली. रस्त्यावरून कांदेवाला “उल्लिगड्डलू” असं आळवत गेला, अक्का धावली. घरामागच्या रेसकोर्सवर कुठला तरी घोडा जिंकला, हजार माणसं ओरडली, अक्का धावली. (घोडा हरला असता तरी ओरडलीच असती.) शेजारच्या रजियाखाला विरजण मागायला आल्या आणि बाळंतिणीची धावपळ बघून दारातच थबकल्या.

“अरे दिनू मियाँ, जच्चा को इत्ता कायकू दौडा रैं?”

मी त्यांना यंत्राची रचना समजावून देऊ लागलो. दिवा जो लागला, तो विझेचना. मी श्वास घेतला, विझला. “पाहिलंत?” म्हणालो, पेटला!

अक्कानं दिव्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं. परत दिव्याकडे. मग आईला हातांनी विचारलं, ‘हा रोज एवढा बोलतो?’

“जन्मल्यापासून!” आई म्हणाली.

इतक्या दिवसांनी अक्का पहिल्यांदा हसली. पण शर्त शर्तच होती. आईनं मला व्हरांड्यातल्या खाटेवर हाकललं. “तोंड उघडायचं नाही!” मी उघडलं नाही. जेवून आडवा झालो, एवढंच.

थोड्या वेळानं बरगडीत बोट खुपसलं गेलं. समोर अक्का!

“मी कुठं बोललो?”

“घोरत होतास,” मागून आई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “पाळण्याकडे बघितलंसुद्धा नाही रे हिनं. दिवा लागला तशी सरळ तुझ्याकडे आली.”

आईनं मुद्दाम दुसरा कुकर लावला. दिवा चमकला. अक्का जागची हलली नाही, फक्त एक बोट वर केलं. मग दोन. तिसऱ्या शिट्टीला आत जाऊन गॅस बंद करून आली. कांदेवाला परत फिरला तेव्हा टोपली घेऊन खिडकीत उभी! सकाळपासून आम्ही तिला पळवत होतो आणि ती एकेका आवाजाची चाल पाठ करत होती. घोरणं संथ, शिट्टी ठसक्यात, कांदेवाला लांबलचक.

आणि मग दिवा कधी नव्हे तसा लुकलुकला. तुटक, तुटक, मग एकदम लांब. माझे पाय चपलेत शिरायच्या आत अक्का पाळण्याशी पोचली होती. लालबुंद चिमणी तिच्या खांद्यावर हुंदके देत होती.

“आणि करंट गेला तर?” आईनं शेवटचं विचारून पाहिलं.

अक्कानं पाळण्याची दोरी उचलली, स्वतःच्या मनगटाला गुंडाळून दाखवली. संध्याकाळी आईनं डिंकाच्या लाडवांचा डबा अक्काच्या पिशवीत तळाशी ठेवला.

आठवड्यानं मी पेचकस घेऊन दिलसुखनगरला अक्काच्या घरी गेलो. म्हटलं, फक्त चिमणीच्याच रडण्यानं पेटेल असा सुधारून देतो. अक्कानं माझ्या हातावर फटका मारला.

‘राहू दे तसाच. दार वाजतं ते कळतं. शेजारीण भांडते ते कळतं. फक्त बाळाचा केलास तर बाकीचं घर पुन्हा गप्प होईल.’

मी पेचकस खिशात ठेवला. लगेच मी तिला यंत्राची थोरवी सांगायला बसलो. ती तांदूळ निवडत मधूनमधून माझे ओठ वाचत होती. तेवढ्यात दाजी कामावरून आले. दारातून त्यांनी पेटलेला दिवा पाहिला, जेवणाचा डबा तिथंच टाकला आणि पाळण्याकडे झेपावले. चिमणी झोपलेली! त्यांनी गोंधळून हातांनी विचारलं, ‘रडत होती?’

अक्कानं तांदळातला खडा बाजूला टाकला आणि एका हातानं सांगितलं, ‘नाही. मामा आलाय.’