बॅगेत राहिलेला फ्यूज

भूतखेत, अंगात येणं असलं काही मी मानत नाही. बी.एस्सी.ला फिजिक्स आहे माझं. शिवाय आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मानलं असतं तरी कबूल करणं अवघड... तरी लिहितो आहे. नीट जमलं नाही तर सांभाळून घ्या.

ब्रह्मपुरीत कॉलेज करता करता मी गाड्यांना साउंड बसवून देतो. आमच्या गावचा विलासभाऊ सवारी जीप चालवतो. त्याने दोन सबवूफर बसवलेला मोठा डब्बा आणि अॅम्प्लिफायर आणला आणि स्टँडवरच म्हणाला, "लावून दे. तू शिकलेला आहेस."

बॅटरीपासून अॅम्प्लिफायरपर्यंत जाड लाल वायर ओढली. त्या वायरीत बॅटरीजवळच फ्यूज टाकावा लागतो. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर फ्यूज उडतो, गाडी वाचते. तेवढंच राहिलं होतं, आणि विलासभाऊचा नंबर लागला. स्टँडवर नंबर चुकला की पुन्हा रांगेत शेवटी. सवाऱ्या बसलेल्या, घाई करत होत्या. मी वायर सरळ बॅटरीला जोडली.

"झालं नं सारं?"

"हो, भाऊ."

फ्यूज माझ्या बॅगेत राहिला. उद्या लावू म्हटलं. पण तो रोज भेटायचा, कौतुकाने गाणं वाजवून दाखवायचा, आणि मला सांगायची लाज वाटायची. पंधरा दिवस असेच गेले.

महाशिवरात्रीला त्याच जीपने आम्ही आठ जण मार्कंड्याच्या जत्रेला निघालो. विलासभाऊची आई, गिरजाआजी, चढण्याआधीच मला म्हणाली, "देवाले जाऊन राह्यलो. हे धडामधुडूम नको मले."

"बंद करतो, आजी."

"बंद केलं त तो चालू करते. तारच काढ."

"माय, गाणं नाई त झोप येते मले," विलासभाऊ म्हणाला.

"मंग मी बोलतो नं रस्ताभर," आजी म्हणाली.

मी सबवूफरच्या दोन्ही वायरी काढून बॅगेत टाकल्या; बॅटरीची लाल वायर तशीच ठेवली. हात फ्यूजला लागला. तेव्हाही बोललो नाही.

दुपारी, चामोर्शीच्या अलीकडे, सबवूफर वाजला. गाणं नव्हतं — तीन ठोके, सावकाश, कुणी दारावर थाप मारावी तसे. मागे बसलेल्या सगळ्यांच्या पाठीला ते जाणवले.

"काढ म्हणलं होतं नं तुले?" आजी माझ्यावर उखडली.

मी बॅग उघडून वायरी दाखवल्या. पुन्हा तीन ठोके...

विलासभाऊने जीप बाजूला घेतली. "उतरा सारे. पाहू दे डब्बा."

आजी उतरली, आणि जिथे तिचे पाय होते त्या मॅटखालून धूर आला. मग जाळ. विलासभाऊने पान्याने बॅटरीची वायर सोडवली, आम्ही ओंजळीने माती टाकली. लाल वायर पत्र्याच्या छिद्रापाशी घासून पार जळाली होती.

नंतर मी त्या ठोक्यांचा खूप विचार केला. सायलेन्सर? रस्ता? रस्ता चांगला होता, आणि वायर नसलेला स्पीकर वाजत नाही, हे मी कुणालाही वहीत काढून दाखवू शकतो. पण आठ जणांनी ऐकलंय.

आजीने त्या डब्ब्याला हळदकुंकू लावलं. सगळ्यांना सांगते, "या पोरानं लावलेल्या डब्ब्यानं वाचवलं आमाले." दुसऱ्या गाडीने जत्रेला पोचलो, तेव्हा देवाचा नारळही तिने माझ्याच हातात दिला. मी घेतला.

जीप दुरुस्त झाल्यावर नवी वायर टाकताना मी आधी फ्यूज बसवला. विलासभाऊ बघत होता. "हे काय नवीन?"

"जुनंच आहे, भाऊ. तेव्हाच लावायचं होतं... मी लावलं नव्हतं."

त्याने फ्यूज बोटाने दाबून पाहिला. मग बॉनेट पाडत म्हणाला, "मायले सांगू नको."

आजी अजून भेटली की माझ्या डोक्यावर हात ठेवते. तो डब्बा कसा वाजला, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला सांगता आलं तर सांगा. वायर का जळाली, ते मात्र मला कुणीच विचारत नाही.