कोचची टाळी

टाळी द्यायची म्हणजे कोच उडी मारायचे. उंची जेमतेम सव्वापाच फूट, पोट पुढे, पण हात मात्र छताला लावायच्या जिद्दीने वर. सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या ऑफिसात ते माझे मॅनेजर. जन्मात कुणाला खेळ शिकवला नव्हता. पण अमेरिकेतल्या एका आडगावच्या विद्यापीठात दोन वर्षं शिकले आणि तिथल्या कॉलेज बास्केटबॉलचं खूळ सिंगापूरला घेऊन आले, म्हणून कोच.

तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. फेब्रुवारी लागला की त्यांच्या केबिनमध्ये हॉकर सेंटरवरची, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीतली कोपी (तिकडची कॉफी), नारळाचा जॅम लावलेला काया टोस्ट आणि कॉम्प्युटरवर बदलणारे आकडे. सामना दिसायचाच नाही, नुसता गुणफलक. तरी कोच, "अरे, पास कर की गाढवा!" म्हणून आकड्यांवर खेकसायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चार वर्षांत कोचच्या विद्यापीठाच्या संघातल्या पोरांच्या उंच्या, दुखापती, सगळं तोंडपाठ झालं.

मार्चमध्ये मोठी स्पर्धा. संघ जाहीर झाले की प्रत्येकाने एक तक्ता भरायचा: कोण कुणाला हरवणार, थेट अंतिम सामन्यापर्यंत. कोचचा नियम एकच. "आपला संघ हरेल असं कधी लिहायचं नाही. जग हसलं तर हसू दे." मी त्यांचा संघ दरवेळी विजेता लिहायचो आणि तो दरवेळी पहिल्या फेरीत आपटायचा. स्वतःचा तक्ता मात्र कोच कुणाला दाखवत नसत. "नजर लागते," म्हणायचे.

शेवटच्या वर्षी जानेवारीत मला दुसरीकडून चांगली नोकरी चालून आली. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नोकरीवर अवलंबून, मुलगी घराजवळ यिशुन भागातल्या शाळेत नुकती रुळलेली. सल्ला विचारायला गेलो तो कोचकडेच. ते म्हणाले, "मोसमाच्या मध्यात संघ सोडतात का रे? मी आहे ना!" मी तिकडे नकार कळवून टाकला. बायको म्हणाली, "त्यांनी लेखी काही दिलंय का?" मला तिचाच राग आला.

त्या वर्षी त्यांचा संघ अगदी काठावर होता. निवड होते की नाही, आम्ही महिनाभर नखं कुरतडत बसलो. सोमवारी सकाळी यादीत नाव आलं आणि कोचने अशी उडी मारली की माझी कोपी टेबलभर सांडली.

गुरुवारी आम्हाला बोलावून सांगितलं, विभाग बंद. कोचची तेवढी अमेरिकेच्या ऑफिसात बदली. एचआरची मेइ लिंग माझ्याकडे बघतच राहिली. "अय्या, ही नेव्हर टेल यू आह? जानेवारी ऑलरेडी नो लाह." म्हणजे कोचना हे जानेवारीपासूनच ठाऊक होतं.

मी तडक केबिनमध्ये गेलो. "कोच, तुम्हाला माहीत होतं?"

"तू गेला असतास तर काम अर्धवट राहिलं असतं. मी वर शब्द दिला होता."

"आणि मला दिलेला?"

ते उगाच टेबलावरचे कागद आवरू लागले. त्यात त्यांचा तक्ता होता. पहिल्याच फेरीत स्वतःच्या संघावर काट मारलेली, पट्टी लावून, सरळ. नोकरी गेल्यापेक्षा ती रेघ मला जास्त झोंबली. चार वर्षं निष्ठा एकट्या मलाच शिकवली होती.

शुक्रवारी सकाळी खण रिकामा करायला गेलो आणि सवयीने गुणफलक उघडला. त्यांचा संघ दोन गुणांनी जिंकला होता! मी ओरडत उठलो, धावत केबिनच्या दारात पोचलो, आणि मग आठवलं.

कोच डोळे पुसत उभे होते. हात वर केलेला, पण उडी मारली नव्हती. माझ्या हाताची वाट बघत होते. मी दोन्ही हात खिशात घातले आणि परत फिरलो.

मुलीला शाळेतून काढून आम्ही पुण्याला परतलो. त्या वरच राहिलेल्या हाताचं मला अजून वाईट वाटतं. आणि वाईट वाटतं, याचा त्याहून जास्त राग येतो.