भिंतीपलीकडचा विजेचा डबा

मेहरूणमध्ये आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच छोट्या रेल्वे संग्रहालयाची शेड आहे. त्यामुळे किस्से गोळा करायला मला कुठे जावं लागत नाही. कपडे वाळत घालायला गेले की दोन-तीन हाती लागतात. कपडे संपतात, मी तिथेच असते.

शेडमध्ये विजेवर चालणारा एक जुना डबा आहे. काही हौशी मंडळी दर रविवारी फुकट राबून तो दुरुस्त करत होती. संग्रहालयाच्या साहेबांनी सांगूनच ठेवलेलं, "दिवाळीपर्यंत स्वतःच्या मोटारीवर हलला तर ठेवू. नाहीतर भंगार." त्या मंडळींतले नाना रेल्वेतून निवृत्त झालेले मोटरमन, उमेदीत त्यांनी हाच डबा चालवलेला. त्यांच्यासमोर भंगार हा शब्द कुणी काढत नसे.

*

युसूफचाचा सुतार, दोंडाईचाहून पॅसेंजरनं येतात. बाकाच्या सगळ्या पट्ट्या त्यांनी घासून लख्ख केल्या, एक सोडून. तिच्यावर कुणीतरी चाकूनं नाव कोरलेलं.

"चाचा, ही राहिली."

"राहू दे ताई. तो बघायला आला तर कुठे शोधेल?"

*

कल्पनाअक्कांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. डब्याची मोटार त्यांनीच भरली. त्या तारेचे वेढे मोजत होत्या आणि मी भिंतीवरून विचारलं, "अक्का, आज भाजी काय केली?"

मोजणी चुकली. अक्का रागावल्या नाहीत. सगळी तार सोडून पुन्हा पहिल्यापासून बसल्या. पुढच्या रविवारी भिंतीवर लाल झेंडी लावलेली. ती गाड्यांसाठी नव्हती.

*

बॅटऱ्या कमी पडल्या, तेव्हा शिरपूरकडच्या एका केळीवाल्या भाऊंनी ट्रॅक्टरची काढून आणली. मी विचारलं, "आणि तुमचा ट्रॅक्टर?"

"तो उभाच शे. पहिले तुमनी गाडी चालू द्या."

*

नाना ग्रीस पुसायलासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. म्हटलं, "नाना, खराब होईल ना."

"ड्युटीवर आहे."

त्यांनीच मला मागच्या केबिनमधलं घंटीचं बटण दाखवलं. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. "गार्डनं मागून दोन दिल्याशिवाय आयुष्यात गाडी हलवली नाही," म्हणाले.

*

चाचणीच्या दिवशी साहेब खुर्ची टाकून बसले. नाना पुढच्या केबिनमध्ये. दिवे लागले. चाचांनी चाकाखालचा लाकडी ठोकळा काढला.

डबा हलेना.

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. अक्कांचा चेहरा उतरला. कुणीतरी हळूच म्हणालं, "मोटार जळली वाटतं." साहेबांनी घड्याळ बघितलं आणि फाईल मिटली.

मी तोवर मागच्या केबिनमध्ये चढले होते. बोलावलं कुणी नव्हतं. रिकाम्या डब्यातून नानांची पाठ दिसत होती, ताठ. हात हँडलवर, नजर डोक्यावरच्या घंटीवर.

मी बटण दोनदा दाबलं.

डबा हलला. माणूस चालेल इतक्या बेतानं शेडच्या बाहेर आला आणि आमच्या भिंतीपाशी थांबला. चाचा डोळे पुसत होते, अक्का मोटारीला कान लावून बसलेल्या.

साहेब नानांपाशी आले. "ठेवू हा डबा. पण नाना, सुरुवातीला अडचण काय झाली?"

नाना टोपी नीट करत खाली उतरले.

"काही नाही साहेब. गार्ड जरा उशिरा चढले."