इराण्याची बारी आणि स्विस साहेबाची खुर्ची

अकोल्याच्या ठेसनावर दादाने माझी पत्र्याची पेटी डब्यात चढवली, बाकाखाली नीट सरकवली, आणि गाडीने शिटी दिल्यावर तो खाली उतरला. सगळं तिथेच चुकलं, असं मला पुढे नऊ वर्षं वाटत राहिलं. गाडीत बसायला हवा होता तो, आणि दमणी, आमची ती छोटी बैलगाडी, हाकत मेडशीला परत जायला हवं होतं मी.

मेडशीला राहिलेल्या मंडळींनो, आणि मेडशी सोडून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत गेलेल्या मंडळींनो, तुम्हाला सगळ्यांना माझी मुंबईची नोकरी ठाऊक आहे. ती मिळाली कशी, हे मात्र मी कोणाला धड सांगितलेलं नाही. लाज वाटे म्हणून.

त्या साली आम्ही दोघे भाऊ कापसाची गाडी घेऊन वाशीमच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, गेलो होतो. मुंबईच्या एका परदेशी कंपनीचा माणूस तिथे आला होता. त्याने पाच ढिगांतून पाच मुठी उचलल्या आणि विचारलं, यातला लांब धाग्याचा कोणता? दादाने चिमूट घेतली, दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ओढली, आणि पाचही मुठींचं बरोबर सांगितलं. मीही सांगितलं, पण दादाच्या तोंडाकडे पाहून. तो माणूस म्हणाला, एकाला मुंबईला नेतो, कोण येतो? बाबांनी दादाला विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, "थोरला वावर पाहीन. धाकटा जाईन." विषय संपला. दादा बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

अकोल्यापर्यंत दोन दिवस दमणीत तो मला कापूस शिकवत होता. "ओल पाहाची असन तं बोटानं नोको पाहू, गालाले लावून पाह्य. बोट खोटं बोलते." स्वतःची जागा दुसऱ्याला द्यायची आणि वर त्या जागेचं कामही शिकवायचं, हे मला या जन्मी जमलं नसतं.

घरून निघताना मायने एकच गोष्ट बोलून दाखवली. लहानपणापासून आम्ही दोघे एकाच पितळीत जेवत आलो. मोठी, काठाची पितळी. अर्धी त्याची, अर्धी माझी, आणि मधल्या पिठल्यावरून भांडण. ती पितळी घासूनपुसून फळीवर ठेवत माय म्हणाली, "दोघं संगं बसान तवाच काढीन आता हे." मला वाटलं, येईन की दिवाळीला. येत गेलोही, चार-दोन दिवसांसाठी. पण दिवाळी म्हणजे वेचणीचे दिवस, कापसाने भरलेलं वावर. दादा भाकरी बांधून घेऊन पहाटेच निघून जाई. पितळी फळीवरच राहिली.

मुंबईत शिवडीला कंपनीच्या कापसाच्या वखारी होत्या. आमचे साहेब गोरे, म्हणून पहिलं वर्षभर मी त्यांना इंग्रजच समजत होतो. पुढे कळलं, हे स्विस. राज्यबिज्य काही नाही, डोंगराळ मुलूख, आणि आपल्या वऱ्हाडातला कापूस विकत घेऊन जगभर विकायचा. आमचे मुख्य साहेब केलर; त्यांचे आजोबा खामगावला कापसाचे गठ्ठे दाबायच्या प्रेसची यंत्रं बसवायला फिटर म्हणून आले आणि तिथल्याच मातीत गेले. वडील मुंबईत वाढले. साहेब सात वर्षं तिकडच्या शाळेत काढून परत इथेच आले. बंगला, बर्फाची पेटी, दर काही वर्षांनी बोटीने सहा महिन्यांची रजा, म्हातारपणाला पेन्शन. आणि सगळं लिहिलेलं. कोणाला किती पगार, कोण कधी रजेवर, कागदावर एकदा आलं की त्यात खुद्द साहेबही फेरफार करू शकत नसे. आपल्या देशमुख-पाटलांच्या राज्यात वाढलेल्या मला हे फारच अजब वाटे. साहेब घड्याळाकडे बघून यायचा आणि घड्याळाकडे बघून जायचा. नऊला पाच मिनिटं उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार गेला, मग तो मी असो की हेडक्लार्क.

आठ वर्षांनी मी खोली बदलली; त्या नव्या खोलीखाली, कोपऱ्यावर, इराण्याचं हॉटेल. मालक खुदादाद शेठ, धिप्पाड माणूस. त्याचा बाप यज्द नावाच्या गावाहून दुष्काळात निघाला, खेचरांबरोबर चालत बंदरापर्यंत आला, आणि मुंबईत एका पारशाच्या घरी भांडी घासायला लागला. मग चहाची किटली, मग दुकान. ना कंपनी पाठीशी, ना लिहिलेला कागद. गावाकडून चुलतभाऊ आला की त्याने आधी भट्टीपाशी पिठाच्या पोत्यांवर झोपायचं, काम शिकायचं, आणि तो शिकला की चार नातेवाईक मिळून त्याला कुठल्या तरी कोपऱ्यावर दुकान मांडून द्यायचे. खुदादाद शेठ नोकरांसोबत त्याच भट्टीतला पाव खायचा, उभ्याउभ्या.

रोज सकाळी त्याच्याकडे चहा आणि दिवसभर साहेबाकडे कापूस, असं माझं चालू होतं, आणि मनात दोघांची तुलना चाले. दोघांचे पूर्वज परक्या मुलखातून आलेले, दोघे इथे टिकलेले. साहेब कितीतरी सुखवस्तू. पण त्याची खुर्ची त्याची नव्हती. वय झालं की ती सोडायची, बंगला सोडायचा, मुलाला ती मिळेल असंही नाही. इराण्याचं सगळं थोडकं, पण खिळान् खिळा त्याचा. माणूस शिकलेला असला म्हणजे काय होतं ते साहेबाकडे पाहून कळे, आणि नात्याचा असला म्हणजे काय होतं ते इराण्याकडे पाहून. मला दोघांचाही हेवा वाटे, खोटं कशाला बोलू.

एका सकाळी खाली गेलो तर गल्ल्यावर वेगळाच माणूस. किडकिडीत, चष्मेवाला. खुदादाद शेठ कुठे, विचारलं तर म्हणाला, "गया." एवढंच. माझं डोकं सणकलं. आपल्याकडे एका वावरावर दोन भाऊ म्हणजे शेवटी धुऱ्याच्या बांधावरून कुऱ्हाडी निघतात, हे आपण बघत आलेलो. मी ठरवून टाकलं, हा कोणी चुलतभाऊ असणार आणि याने शेठला हाकललं. चार दिवस मी त्याच्या चहाला तोंड लावलं नाही; पलीकडच्या गल्लीत जाऊन पुचाट चहा प्यायलो. पाचव्या दिवशी राहवेना. गावातल्या पंचासारखा टोपी नीट करून त्याच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "जाऊ द्या शेठ. भावाभावात होतंच. मोठ्याला बोलवा, मी मधे पडतो."

तो बेहराम. आधी त्याला कळेचना, मग इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाला, "अरे बाबा, झगडा कसला? बारी आहे बारी!" घोलवडला त्यांची चिकूची वाडी होती आणि इथे हे हॉटेल. दोन चुलतभाऊ, दोन कामं. एक वर्ष हा हॉटेलात, तो वाडीत. दुसऱ्या वर्षी उलट. वाडी एकाची नाही, हॉटेल एकाचं नाही. कागद? "कागद कायको? उसका बाप और मेरा बाप एक ही खेचर के पीछे चला था."

तो चहा मला अजून आठवतो. कप समोर गार होत होता आणि मला दादाची पाठ दिसत होती, ठेसनाबाहेर दमणीकडे जाणारी. नऊ वर्षं झाली होती. बाबा गेले होते, वावर तो एकटा ओढत होता, आणि एकदाही त्याने तोंडातून काढलं नव्हतं की ती जागा त्याची होती. मी दर महिन्याला मनीऑर्डर करत होतो आणि त्यात सगळं फिटलं असं स्वतःला समजावत होतो. जी गोष्ट मी घेतली होती ती मनीऑर्डरीत मावणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबासमोर उभा राहिलो. म्हणालो, माझ्या जागेवर एक वर्ष माझा भाऊ येईल, एक वर्ष मी. साहेब हिंदुस्थानी बरं बोलत असे. म्हणाला, "इथे खुर्ची घराण्याची नसते. ज्याचा हात चांगला त्याची असते." मी म्हणालो, म्हणूनच म्हणतो साहेब, हात त्याचाच चांगला आहे, तुमच्या माणसाने चुकीचा भाऊ आणला. साहेबाने पेन खाली ठेवलं. मग तो बोलला ते मला अपेक्षित नव्हतं. त्यांच्या डोंगरातही वावर लहान, वाटणी केली तर कोणाचंच पोट भरणार नाही. म्हणून थोरल्याला जमीन आणि धाकट्याला बोटीचं तिकीट. त्याचे आजोबा धाकटे होते. "थोरल्याला कोणी विचारलं नाही," तो म्हणाला. "आमच्याकडेही नाही." आणि दादाला परीक्षेला बोलावलं.

दादा आला तो त्याच पत्र्याच्या पेटीसह. मी सुट्टीला गेलो तेव्हा ती घरीच सोडून आलो होतो. दहा नमुने मांडले, चिठ्ठ्या पालथ्या. दादाने एकेक चिमूट ओढली, गालाला लावली, सांगत गेला. सातव्यापाशी थांबला. "हा शेलूबाजाराकडला. हलक्या जमिनीचा. वेचला तवा ओला व्हता, मंग वाळवून आणला. आमाले फसवून राह्यले, साहेब." साहेबाने चिठ्ठी उलटली. शेलूबाजार. वखारीत तपास केला तर गठ्ठ्याच्या पोटात डागी माल निघाला. त्या दिवशी दादाच्या तोंडावर जे आलं ते मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. साहेबाने तिथेच कागद केला: जागा एक, भाऊ दोन, पाडव्याला बदली, ज्याचं वर्ष त्याचा पगार. इराण्याची बारी स्विस कागदावर चढली आणि आमच्या घरात आली.

पहिल्या वर्षी मी मेडशीला आलो तेव्हा माझी काय फजिती झाली, ते तुम्ही पाहिलंच आहे. बैल मला ओळखत नव्हते, पेरणीची तिफण वाकडी चालत होती, आणि दादाने पत्रात विचारावं की तूर किती झाली, तर मी लाजेने उत्तरच टाळावं. हळूहळू जमलं. दादाने मुंबईत समुद्र पाहिला, ट्राम पाहिली, बेहरामशी दोस्ती केली. केलर साहेब आता नवे नमुने आधी त्याच्यासाठी ठेवतो, मला राग येत नाही. आज सात वर्षं बारी चालली आहे. लढाई आली, साहेबाच्या मुलखाची पत्रं महिनोन् महिने येत नाहीत, इराण्याकडे साखरेची मारामार आहे, पण बारी चुकलेली नाही.

पण एक गोष्ट त्या दिवशी बेहरामने हसण्यात सांगितली होती आणि मी ती ऐकली नव्हती. मी विचारलं होतं, तुमचं कधी भांडण होत नाही? तो म्हणाला, "भांडायला भेटायला पाहिजे ना. अकरा साल झाले, खुदादादबरोबर एक टाइम जेवलो नाही."

दर पाडव्याला हेच. अकोल्याची मोटार मेडशीच्या फाट्यावर येते, एक भाऊ उतरतो. अर्ध्या तासात वाशीमहून अकोल्याकडे जाणारी मोटार येते, दुसरा भाऊ चढतो. तेवढ्यात लिंबाखाली उभं राहून कोणता बैल लंगडतो, साहेबाचा नवा क्लार्क कसा आहे, हे सांगायचं, पेटी हातातून हातात द्यायची. वहिनी एकदा माझ्या बायकोला म्हणाली ते मी ओट्यावरून ऐकलं: "आपल्या घरी पाडव्याले एकच गडी रायते. एकीचं कुंकू घरी, एकीचं मोटारीत." कोणाला दोष देणार? नियम मीच आणला होता.

आज पाडवा होता. जायची बारी माझी. दादा उतरला, केस कानांपाशी पांढरे झालेले. त्याने मुंबईला गेल्या गेल्या काय करायचं ते सांगितलं, मी वावराचं सांगितलं, आणि बोलणं संपलं तरी मोटार आली नव्हती. आम्ही दोघे रस्त्याकडे पाहत उभे. मग ती आली. ड्रायव्हर ओळखीचा, त्याने पेटी टपावर घ्यायला हात पुढे केला. मी पेटी दिली नाही.

"चढ ना," दादा म्हणाला. "काहून थांबला?"

"उद्या जातो."

"साहेब पगार कापन तुहा. त्याले उशीर चालत नाही, तुले मालूम हाय."

"कापू दे."

दादा मला चार शिव्या देत देत घराकडे निघाला, मोटार धूळ उडवत गेली. मला त्या शिव्या फार बऱ्या वाटल्या. सोळा वर्षांत एवढ्या सलग शिव्या त्याला माझ्यावर खर्च करायला वेळच मिळाला नव्हता.

मला मुंबईत विचारतात, तुमचं घर कुठे? मेडशीला विचारतात, आता तिकडचेच झालात का? साहेबांनी परक्या मुलखात कायद्याने घर केलं, इराण्यांनी नात्याने. मी दोघांकडून घेतलं आणि दोघांचा ऋणी आहे. पण त्या दोघांनीही भावापासून तुटण्याची जी किंमत मोजली ती मी न विचारता मोजत होतो, हे आज फाट्यावर कळलं. एक दिवस उशिराने जाऊन साहेबाला खरं कारण सांगेन. त्याचाही एक भाऊ आहे तिकडे डोंगरात.

आम्ही दोघे संगतीने उंबऱ्यात आलो तेव्हा माय तांदूळ पाखडत होती. तिला आता नीट दिसत नाही. तिने आवाजावरून एकाला ओळखलं, मग दुसऱ्याला, आणि सूप बाजूला ठेवलं. भिंतीला धरून उठली, फळीवर चाचपडली, आणि ती काठाची पितळी काढून पदराने पुसायला लागली.