मंगळागौरीतला ठोसा

जपानी कार्टून बघणारी सून मिळाली, ही बातमी माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर पंधरा दिवसांत सगळ्या बहिणींना फोन करून दिली होती. ते कार्टून नाही, ॲनिमे आहे, असं मी एकदा सांगून बघितलं. "चित्रंच ना शेवटी?" त्या म्हणाल्या. मी वाद घातला नाही, पण मोबाइलही खाली ठेवला नाही.

मी द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या ऑफिसात कामाला आहे. कामोठ्याहून कंपनीची बस असते. त्या बसमध्ये बसून मी एक अख्खी ॲनिमे मालिका बघितली. बंदराच्या गावात दिवसा मासळीची खोकी उचलणारी आणि संध्याकाळी पुलाखाली मारामारी करणारी एक मुलगी. तिला कोणी शिकवलेलं नाही, पाठीशी कोणी नाही, नाक एकदा मोडून वाकडं बसलेलं. मला सगळ्यात आवडायचं ते हे की ती सारखी हरायची. भरपूर मार खायची आणि मग टपरीवर बसून, सुजलेल्या बोटांत काड्या धरून नूडल्स खाता खाता आपलं कुठे चुकलं याचा विचार करायची. आमच्या घरी टीव्हीवरच्या मालिकांतल्या बायका मार खाल्ला की देवघरात जाऊन रडायच्या. मला दोन्ही बघावं लागायचं.

ती मालिका संपली आणि मी किकबॉक्सिंगचा क्लास लावला. आमच्याच सेक्टरमध्ये, दहावीच्या शिकवण्या चालतात त्याच्या वरच्या मजल्यावर. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहिल्यांदा बॅगवर नीट ठोसा बसला तेव्हा तो खांद्यापर्यंत जाणवला आणि मला एकदम हसू आलं. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्याला सांगितलंही आहे.

सासूबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "मंगळागौर झाली की ते बंद. तोपर्यंत पाहुण्यांसमोर विषय नको." नवरा मला म्हणाला, "टेन्शन घेऊ नको, मी बोलतो आईशी." तो अजून बोलतोय.

श्रावणातल्या मंगळवारी माझी पहिली मंगळागौर सोसायटीच्या हॉलमध्ये ठरली. आणि आदल्या दिवशी क्लासमध्ये चेहऱ्यासमोर धरायचा माझा हात खाली राहिला, समोरच्या मुलीचा ठोसा थेट गालावर बसला. चूक माझीच होती. सकाळपर्यंत गाल जांभळा झाला. सासूबाईंनी स्वतः माझ्या चेहऱ्यावर फाउंडेशन थापलं. "लोक काय म्हणतील, माझा मुलगा मारतो?" असं म्हणत त्यांनी आणखी एक थर दिला.

पूजा झाली आणि खेळ सुरू झाले. झिम्मा, फुगड्या, मग कोंबडा. नऊवारीतल्या साठीच्या बायका उकिडव्या बसून उड्या मारत एकमेकींना धडका देत होत्या आणि पडलेलीला बाकीच्या खुशाल हसत होत्या. याला कोणी मारामारी म्हणत नव्हतं. मी फुगडी घालून घामाघूम झाले, तोंड पुसलं आणि थापलेलं सगळं रुमालावर आलं.

बायकांनी बघितलं. एकेकीची नजर गालावर यायची आणि लगेच गौरीकडे वळायची. विचारलं कोणीच नाही. फक्त मावससासूबाईंनी मला खुर्च्यांमागे नेलं. सासूबाईंची ही धाकटी बहीण मुळातच कमी बोलणारी. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"पहिली काही वर्षं असतं गं असं. उलट बोलायचं नाही. मग हात आपोआप थांबतो."

"मावशी, हे क्लासमध्ये लागलंय. खरंच."

"हो," त्या म्हणाल्या, "मीपण जिन्यावरून पडायचे."

माझं डोकं तापलं. त्यांच्यावर नाही, हॉलवर. माझा गाल नवऱ्याने फोडला असता तर ते या सगळ्यांनी मसालेभाताबरोबर गिळलं असतं. तो मी हौसेने, स्वतः पैसे भरून फोडून घेतला होता, म्हणून तो लपवायचा होता.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "चला, नव्या नवरीने नाव घ्यायचं." सासूबाईंनी मला एक उखाणा पाठ करून घेतला होता, बेल, तुळस आणि संसाराच्या वेलीचा. मी गौरीसमोर उभी राहिले आणि म्हटलं:

"गालावर ठोसा दिला, ती क्लासमधली मैत्रीण,
...रावांचं नाव घेते, उद्याही क्लासला जाईन."

नाव इथे लिहीत नाही, तिथे सगळ्यांनी ऐकलं. उखाण्याच्या मध्ये कोणी बोलत नाही, आणि तो संपला की टाळ्या वाजवायच्याच असतात. ही सवय इतकी पक्की की आधी सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या आणि आपण कशाला वाजवल्या ते नंतर त्यांच्या लक्षात आलं. मावशींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या माझ्या गालाकडे बघत राहिल्या.

जेवणं चालू असताना खालून हॉर्न वाजला. मावशी अर्ध्या पानावरून उठल्या. मी डबा भरून त्यांच्यामागे खाली गेले. मावशींना न्यायला आलेले काका गाडीतून उतरले नाहीत. "किती वेळ?" एवढंच म्हणाले. मावशी घाईने आत बसल्या, डबा माझ्याच हातात राहिला.

घरी आल्यावर सासूबाई नऊवारीची घडी घालत होत्या. मला वाटलं आता भांडण होणार, आणि मी तयारही होते.

"क्लासमध्ये लागलं ते तिला कशाला सांगितलंस?" त्या म्हणाल्या. "तिला वाटलं असेल, घरात आपल्यासारखी आणखी एक आहे. तेवढाच आधार."

"म्हणजे काकांचं तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग कोणी काही बोललं का नाही?"

त्यांनी घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. घालता घालता म्हणाल्या, "उद्या नको जाऊस. चार दिवस जाऊ देत."

"उद्याच जाणार," मी म्हणाले.

बुधवारी मी गेले. हातांना पट्ट्या बांधल्या आणि बॅगसमोर उभी राहिले. बॅगला चेहरा नसतो, तो आपण द्यायचा. मी दिला. गाडीतून न उतरणाऱ्या त्या माणसाचा. आणि या वेळी हात खाली राहू दिला नाही.