उजवीकडे बसेल त्याने सांगायचं

धड चालणाऱ्या गाडीला गोष्ट नसते. ती येते, धूळ उडवते, निघून जाते. बंद पडणाऱ्या गाडीचं तसं नाही. ती थांबली की बाजूने जाणारा माणूसही थांबतो, हात पाठीमागे बांधून वाकून बघतो आणि विचारतो, "काय झालं?" तिथे एक किस्सा जमा झालाच म्हणून समजा! आमच्या विनूभाऊंची जुनी जर्मन गाडी महाड, बिरवाडी, पोलादपूर या टापूत इतक्या ठिकाणी थांबली, की अजूनही त्या रस्त्याने एसटीतून जाताना मला एकेक झाड ओळखीचं वाटतं. इथे पट्टा तुटला. इथे पाणी उकळलं. इथे काहीच झालं नव्हतं, तरी थांबली.

गाडी आता इथे नाही. पण चौघं चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "ती कोंबडीची गोष्ट सांगा ना."

तर कोंबडीपासूनच सुरुवात करतो.

* * *

विनूभाऊ आमच्या कारखान्यात मेंटेनन्सचे सुपरवायझर. मी तिथेच इन्स्ट्रुमेंट विभागात. बिरवाडीत आम्ही शेजारी राहायचो. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं असतील. नाते गावच्या एका गृहस्थांनी कुवेतहून कायमचं परतताना ही गाडी बोटीने आणली होती. गडद निळी, दोनच दारं, एका ओळीत सहा सिलिंडर, आणि स्टिअरिंग डावीकडे. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत जाऊन बसली. तिथे ती विनूभाऊंनी पाहिली आणि त्यांचं जेवणातलं लक्षच उडालं.

व्यवहार ठरला. न्यायला गेलो, तर त्या गृहस्थांची आई दारात आडवी!

"आता नाय न्यायची हां! मागच्या शिटावर कोंबडी खुडूक बसलीय. पिल्लं निघू देत, मग न्या."

मग काय, दर रविवारी आम्ही नात्याला जायचो. विनूभाऊ डावीकडे स्टिअरिंग धरून बसायचे, मी उजवीकडे, मागे कोंबडी. काचेतून पेंढ्याची उडवी दिसायची आणि तिच्यापलीकडे निळसर डोंगर. गाडीची बॅटरी केव्हाच मेलेली. तरी विनूभाऊ हळूच म्हणायचे, "मधू, आत्ता आपण घाट चढतोय."

मागून कोंबडी, "कुर्र्र..."

"बरोबर आहे तिचं. गिअर बदलायला हवा," विनूभाऊ म्हणायचे.

* * *

पिल्लं बाहेर पडल्यावर ट्रॅक्टरला बांधून गाडी बिरवाडीत आली. सुलभावहिनी, म्हणजे विनूभाऊंच्या पत्नी, ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. विनूभाऊ हा माणूस कधी कुणाला काही विचारणारा नव्हता. कारखान्यात पाइपची दिशा बदलली तरी मॅनेजरला दुसऱ्या दिवशी कळायचं. गाडीचंही तसंच.

वहिनींनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या सीटवरचं पीस उचललं आणि म्हणाल्या, "कोंबडीनेसुद्धा कुणाला तरी विचारून जागा घेतली असेल. तुम्ही मला विचारलंत?"

विनूभाऊ वाकून टायरमधली हवा बघू लागले.

वहिनींचं माहेर पोलादपूरकडचं कापडे. भावाकडे जाऊन-येऊन असायच्या, लाल एसटीने. त्यांनी तिथल्या तिथे अट घातली. "ही गाडी माझ्या माहेरी जाईल आणि कुणी न ढकलता घरी परत येईल, त्या दिवशी मी हिच्यात बसेन. तोवर एसटी बरी!"

आम्ही हसलो. विनूभाऊ हसले नाहीत. त्या दिवसापासून त्या गाडीचा प्रत्येक बोल्ट कापड्याच्या दिशेनेच आवळला गेला.

* * *

गाडी रस्त्यावर आली आणि एक अडचण कळली. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणारे, आणि ड्रायव्हरही डावीकडे. पुढे ट्रक असला की विनूभाऊंना ट्रकचं ढुंगणच तेवढं दिसायचं. पलीकडून काय येतंय ते दिसणार उजवीकडे बसणाऱ्याला. म्हणजे मला!

पहिल्याच दिवशी महाडच्या रस्त्यावर त्यांनी विचारलं, "जाऊ?"

मी नीट बघून सांगू लागलो, "एक टेम्पो येतोय. त्याच्यामागे सायकल. सायकलवर मागे बाई बसलीय, हातात बहुतेक टोपली. त्यांच्यामागे बऱ्यापैकी..."

"अरे, निबंध नको! रस्ता सांग!"

तोवर टेम्पो, सायकल, बाई, टोपली, सगळं निघून गेलं होतं आणि दुसरा टेम्पो आला होता.

त्या दिवशी नियम ठरला. विनूभाऊंनी "जाऊ?" विचारायचं. उजवीकडे बसेल त्याने "जा" किंवा "थांबा" यातला एकच शब्द बोलायचा. "फक्त डाव्या वळणावर सांगू नकोस," ते म्हणाले. "रस्ता डावीकडे वळला की ट्रकच्या डाव्या कडेने पुढचं सगळं मलाच दिसतं. बाकी रस्ता तुझा."

हे वहिनींना कळलं तेव्हा त्या पोळी लाटता लाटता थांबल्या. "म्हणजे प्रत्येक ट्रकला हे विचारतात? जाऊ का म्हणून?"

"प्रत्येक."

"आणि सांगितलेलं ऐकतात?"

"ऐकावंच लागतं."

"अगंबाई!" म्हणाल्या, आणि बराच वेळ ती पोळी काही तव्यावर गेली नाही.

* * *

गाडीचा खरा आजार म्हणजे ताप. थंड देशातली ती, आणि इथला मे महिना! तिच्या रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या बाजू तडकल्या. तसला दुसरा मिळेना. आमचे रफिकभाई मिस्त्री हायवेला ट्रकची कामं करायचे. त्यांनी तिला एका जुन्या जीपचा तांब्याचा रेडिएटर बसवला. बसला छान, पण बॉनेट लागेना. मग रफिकभाईंनी बॉनेट मध्ये कापून वर पत्र्याचा उंचवटा केला, ठोकून गोल केला, निळा रंग मारला.

"पाणी उकळलं तर मला शिव्या घालू नका," रफिकभाई म्हणाले. "जीपला घाला."

एकदा हायवेला चहाला थांबलो होतो. मुंबईचा एक तरुण चकचकीत गाडीतून उतरला, निळ्या गाडीभोवती फिरला, उंचवट्यावरून हात फिरवला. "अंकल, हे रेसिंग व्हर्जन आहे ना? असलं बॉनेट मी पुस्तकातसुद्धा पाहिलेलं नाही! कुठलं मॉडेल?"

विनूभाऊ घुटमळले. रफिकभाई बशीतला चहा फुंकत शांतपणे म्हणाले, "बिरवाडी."

तरुणाने मान डोलावली. "हां, ऐकलंय!"

* * *

सायलेन्सर गंजून गेला, तेव्हा विनूभाऊंनी स्टीलचा जाड पाइप वाकवून घेतला आणि मधला डबा छोटा ठेवला. त्यामुळे आवाज असा झाला, की कानठळ्या नाही, पण छातीत कुठेतरी मोठी घंटा वाजून थांबावी आणि तिची घुमरी उरावी तसा. संध्याकाळी शेतांवर धूर तरंगत असायचा आणि गाडी पुलावर आली की तो आवाज गाडीच्या आधी गावात पोचायचा. शेजाऱ्यांनी तक्रार केली. विनूभाऊंनी सज्जनपणे मोठा डबा लावला. गाडी मांजरीसारखी चालू लागली.

आठवडाभराने मला म्हणाले, "मधू, घरी काहीतरी बिनसलंय. मी पोचलो की चहा तयार असायचा. आता अर्धा तास लागतो. विचारलं तर म्हणते, तुम्ही आलात ते कळलंच नाही."

मला क्षणभर उमगलं नाही. मग उमगलं. पुलावर आवाज आला की वहिनी आधण ठेवायच्या!

रविवारी विनूभाऊंनी डबा परत काढला. शेजाऱ्यांना म्हणाले, "काय करू, चहाला उशीर होतोय."

* * *

कारखान्यात एक नवं यंत्र आलं, त्याच्याबरोबर एक जर्मन इंजिनिअर आला. उंच, अबोल. विनूभाऊंनी दोन दिवस धीर धरला आणि तिसऱ्या दिवशी त्याला गाडीपाशी घेऊन गेले. इंजिन चालू केलं. तो माणूस डोळे मिटून ऐकत उभा राहिला. मागे कारखान्याची वाफ, वर घारी फिरताहेत, आणि तो इतका लांबचा माणूस आपल्या घरच्या अंगणात असल्यासारखा उभा.

डोळे उघडून इंग्रजीत म्हणाला, "माझ्या वडिलांकडे अगदी हीच होती."

विनूभाऊंचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी विचारण्याजोगा माणूस मिळाला होता. "तिचं पाणी उकळायचं?"

"नेहमी."

"मग त्यावर वडिलांनी काय केलं?"

"विकली."

* * *

मग कापड्याची पहिली चाचणी. वहिनींना न सांगता विनूभाऊ आणि मी निघालो. पोलादपूरपर्यंत अशी गेली की मला ढगात बसल्यासारखं वाटत होतं. दोन्हीकडे लावणीची शेतं, पाण्यात आभाळ, आभाळात वाकलेली माणसं. कापड्याला पोचलो. वहिनींच्या भावाने, सखारामदादाने, ओवाळायचंच बाकी ठेवलं होतं. परत निघालो आणि गावाबाहेरच्या चढावर गाडीने मान टाकली.

लावणी सोडून माणसं धावून आली. गुडघाभर चिखल, कोपरभर चिखल. एक म्हातारी बांधावर बसून बघत होती. "कुठची रे ही गाडी?"

"जर्मनीची हाय, आजी."

"मंग! यवढ्या लांबून आलीय, दमणार नाय तर काय? बसू द्या की जरा तिला!"

ढकलून ढकलून गाडी चालू झाली. निघताना विनूभाऊंनी मेहुण्याला बजावलं, "बहिणीला सांगायचं नाही."

"नाय सांगणार, भावोजी. आईची आन!"

घरी आलो. विनूभाऊ ऐटीत उतरले. "काय, जाऊन आलो कापड्याला! एका दमात!"

वहिनी गाडीच्या मागच्या बाजूला गेल्या. तिथे निळ्या रंगावर चिखलाचे पंजेच पंजे, वाळून पांढरे झालेले. त्यांनी एका पंजाशेजारी आपला हात धरला.

"हा दादाचा," म्हणाल्या. "करंगळी वाकडी आहे."

* * *

पुढची वर्षं अशीच गेली. कधी जाताना बंद, कधी येताना. कापड्याला आमच्या गाडीचा आवाज आला की माणसं हातातलं काम ठेवून बाह्या सावरू लागायची!

मग कंपनीने विनूभाऊंची गुजरातच्या कारखान्यात बदली केली. राहायला तिसऱ्या मजल्यावरची खोली. गाडी नेणं शक्य नव्हतं. पुण्याचा एक हौशी माणूस येऊन बघून गेला, सोमवारी घेऊन जातो म्हणाला. विनूभाऊंनी गाडी धुतली, पुसली आणि ओट्यावर बसून राहिले. अट पुरी झाली नव्हती, ती आता कधीच व्हायची नव्हती.

रविवारी सकाळी वहिनी ठेवणीतलं पातळ नेसून बाहेर आल्या. "दादाला भेटून यायचंय. गाडी काढा."

"आणि अट?" विनूभाऊंच्या तोंडून निघून गेलं.

"अट आहेच की. आत बसून बघते, ढकलावी लागते का." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मधूभावजी, तुम्हीही चला. लागलंच तर असावं एक माणूस."

मी मागे उजव्या खिडकीशी बसलो, कोंबडीच्या जागी. वहिनी उजवीकडे. विनूभाऊंनी त्यांना नियम सांगितला, अगदी डाव्या वळणासकट. त्यांनी शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

जाताना काही झालं नाही. दुपारी कापड्याला जेवलो. सखारामदादाने सवयीने बाह्या वर केल्या होत्या, पण गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली आणि तो चढही चढली. पोलादपूर मागे पडलं. ऊन कलतं झालं होतं, भातं कापून झालेली, सावित्रीचं पाणी कुठे दिसायचं, कुठे लपायचं. आणि पुढे पेंढ्याने भरलेला एक ट्रक आला. इतका हळू, की त्याच्या बाजूने चालणारा माणूस त्याच्या पुढे गेला असता.

"जाऊ?" विनूभाऊंनी विचारलं.

"थांबा," वहिनी म्हणाल्या.

थोडं पुढे गेल्यावर, "जाऊ?"

"थांबा."

ट्रकमागून हळू चाललं की हवा लागत नाही आणि या गाडीला ताप चढतो, हे आम्हाला पाठ होतं. मी मागून मान काढून तापमानाच्या काट्याकडे बघत होतो. काटा सरकू लागला होता. एवढ्या वर्षांची अट, घर समोर आलेलं, आणि हा काटा!

"विनूभाऊ, काटा!" मी म्हणालो. "मारा पुढे! हवा लागू द्या!"

एरवी रस्त्यापेक्षा त्या काट्याकडेच जास्त बघणारे विनूभाऊ. त्यांनी तिकडे नजरही टाकली नाही. नुसतं विचारलं, "जाऊ?"

"थांबा."

पेंढ्याच्या काड्या सुटून सोनेरी होत होत आमच्यावर येत होत्या. एक वहिनींच्या केसांत अडकली. इंजिन अगदी खालच्या सुरात घुमत होतं. वळणामागून वळण गेलं. विनूभाऊ विचारत होते, वहिनी सांगत होत्या, आणि कुणालाच घाई नव्हती, माझ्याशिवाय. बिरवाडीच्या फाट्यावर ट्रक सरळ महाडकडे गेला. काटा लाल पट्टीला टेकला होता तेव्हा गाडी अंगणात येऊन उभी राहिली. आपणहून.

वहिनी उतरल्या. केसांतली काडी काढून हातात धरली.

मला राहवलं नाही. "वहिनी, आज गाडी बंद पडायचीच बाकी होती! पोलादपूरपासून रस्ता सबंध मोकळा होता. समोरून एक सायकलसुद्धा आली नाही!"

"दिसत होतं मला," वहिनी म्हणाल्या.

विनूभाऊ फडक्याने पुढची काच पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "डाव्या वळणांवर मलाही."